कॅल्शियम : गरजेप्रमाणे

आमच्या कुत्र्याला, बंड्याला, घरचं जेवण द्यायचं ठरवलं तेव्हा वाटलं, त्यात काय एवढं? चिकन, भात, लाल भोपळा, गाजर. मीठ नाही, फोडणी नाही, कुकर लावला की झालं. जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळत आठवडाभराने पूर्ण बदलायचं असतं. मी एका दिवसात बदललं आणि तिसऱ्या रात्री बाल्कनी धूत बसले.

घोडं अडलं कॅल्शियमपाशी. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम अगदीच कमी. नुसत्या चिकन-भातावर महिने काढले तर शरीर ते हाडांतून ओढून घेतं. म्हणून घोडबंदर रोडवरच्या एका क्लिनिकमध्ये डाएट चार्ट मागितला. पहिल्या खेपेला डॉक्टर सर्जरीत. दुसऱ्या खेपेला वजन झालं (16 किलो), फी घेतली, 'चार्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येईल.' आठ दिवस रोज फोन, रोज 'मॅडम, आजच पाठवतो.' शेवटी मानपाड्याच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात ते 16 किलोचं धूड मांडीवर घेऊन पुन्हा गेले. झेरॉक्सची झेरॉक्स असलेला एक कागद मिळाला. शेवटची ओळ, 'कॅल्शियम : गरजेप्रमाणे.' अहो, गरज किती तेच तर विचारतेय! काउंटरवरची मुलगी म्हणाली, "डब्यावर लिहिलेलं असतं." कुठल्या डब्यावर?

नौपाड्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं. अंड्याची टरफलं धुवायची, दहा मिनिटं उकळायची, कडकडीत वाळवून मिक्सरमध्ये मैद्यासारखी दळायची. (माझी पहिल्यांदा दमट राहिली, भांड्याला लगदा चिकटला.) सपाट चहाचा चमचाभर पुडीत साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं, बंड्याला दिवसाला अर्धा चमचा. पिल्लू असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर हे माप वापरू नका, डॉक्टरांना विचारा. आठवड्यातून थोडं काळीजही (लिव्हर) घालते, पण थोडंच, त्यात व्हिटॅमिन ए फार.

हो, कांदा-लसूण राहिलंच. शिजवून किंवा पावडर करूनही चालत नाही, तांबड्या रक्तपेशी फुटतात. आई म्हणते, "गावाकडची कुत्री रस्साभातच खायची की!" द्राक्षं-बेदाणे किडनीला घातक, हे तिला सांगायचं राहिलं होतं. दिवाळीत लाडवावरचा बेदाणा बंड्याच्या तोंडातून बोट घालून काढला. शिजलेली हाडंही नकोत, टोकदार तुकडे पडतात.

त्या क्लिनिकचा मेसेज परवा आला, दीड महिन्याने. तोच कागद, फोटो काढून, तोही आडवा.