सरांनी शिकवलेले यशवंत घाडगे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे समितीचे पत्र आले. लिहिण्यासारखे पुष्कळ होते, पण लिहायला बसल्यावर सरांखेरीज दुसरे काही सुचेना. त्यांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण आपल्या शाळेत नुसते 'सर' म्हटले की कोण, हे सांगावे लागत नाही, आणि आपले नाव कुठे छापून आलेले त्यांना कधीच रुचत नसे. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

माणगावला तहसील कचेरीच्या आवारात फौजेत 'नाईक' या हुद्द्यावर असलेल्या यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. बाजाराच्या निमित्ताने वडीलधाऱ्यांबरोबर जाताना आम्ही सगळ्यांनीच तो पाहिलेला होता. घाडगे आपल्याच तालुक्यातल्या पळसगावचे, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान मिळाला, एवढे पाचवीतला मुलगाही सांगत असे. मात्र त्यांनी नेमके केले काय, असे विचारले तर 'खूप शौर्य गाजवले' यापलीकडे आमच्यापैकी कोणाची गाडी जात नव्हती. ते आम्हाला सरांमुळे कळले, आणि तेही इतिहासाच्या तासाला नव्हे, स्नेहसंमेलनाच्या तालमीत.

आम्ही नववीत होतो. नाटुकले घाडग्यांवर बसवायचे ठरले आणि घाडगे व्हायला अर्धा वर्ग पुढे आला. जर्मन व्हायला मात्र कोणी तयार होईना. शेवटी सरांनी बोट दाखवून चौघांना उभे केले, त्यांत मी होतो. पाटाला सायकलचा पंप सुतळीने बांधून आमची मशीनगन तयार झाली. घाडग्यांची टॉमीगन, म्हणजे हातात धरायची छोटी मशीनगन, सुतारमामांनी सागाच्या फळीतून इतकी सुबक कापून दिली होती की ती हाताळायला मिळावी म्हणून मुले तालमीनंतरही घुटमळत. संहिता दहावीच्या मुलांची होती. तिच्यात घाडगे छातीवर गोळी झेलून कोसळतात आणि मग मातृभूमीला उद्देशून दीड पान बोलतात, असे होते. सरांनी ते दीड पान शांतपणे वाचले, खिशातले लाल पेन काढले आणि वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ ओढली. "अरे, त्यांना बंदुकीतले गोळ्यांचे मॅगझिन बदलायला वेळ मिळाला नाही, आणि तुमचा घाडगे भाषण ठोकतोय?"

मग व्यासपीठाच्या कडेला पाय सोडून बसत सरांनी आपली वही उघडली. व्हिक्टोरिया क्रॉस देताना सरकारने त्या कृत्याची जी अधिकृत नोंद प्रसिद्ध केली, तिचा मराठी उतारा त्यांनी स्वतःच्या हाताने त्या वहीत लिहून ठेवला होता. इटलीत वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील एका कंपनीने शत्रूच्या मजबूत ठाण्यावर हल्ला चढवला. घाडगे ज्या तुकडीचे प्रमुख होते तिच्यावर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. सोबत यायला आता कोणी उरलेले नाही, हे पुरते ठाऊक असूनही ते थेट त्या मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब फेकला, त्यात मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी झाले. टॉमीगनच्या गोळ्यांनी आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलण्याइतका अवधी नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना जागीच संपवले. त्यानंतर शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. जे ठाणे त्यांनी एकट्याने घेतले होते, त्याच ठाण्यात त्यांना मरण आले. वय अवघे बावीस.

वाचून झाल्यावर सरांनी घाडगे झालेल्या मुलाच्या हातात बंदूक उलटी दिली आणि म्हणाले, "नुकत्याच गोळ्या झाडलेल्या बंदुकीची नळी तापलेली असते. ती कशी धरशील, ते दाखव." पुढची सगळी तालीम त्या एका हालचालीवर खर्च झाली.

प्रयोगाच्या रात्री एक घोटाळा झालाच. पडदा ओढणाऱ्या मुलाला खूण दिलेली होती ती भाषणाच्या शेवटच्या ओळीची, आणि भाषण गळाले हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. घाडगे पडले, आम्ही चौघे आधीच पडलेलो, आणि पडदा काही हलेना. माझ्या मानेवर मुंगी चढली, तरी मेलेल्या जर्मनाला हलता येत नव्हते. समोर पालक आता कोणीतरी बोलेल म्हणून वाट पाहत होते. अखेर सरांनीच विंगेतून जाऊन दोरी ओढली. गावातल्या काही प्रतिष्ठितांना तो शेवट फार कोरडा वाटला. मला मात्र आपल्या शाळेत झालेले सर्वांत खरे नाटक तेच वाटते.

दुसऱ्या दिवशी वर्गात एकाने विचारले, "सर, ते तर इंग्रजांच्या फौजेत होते, मग आपण त्यांच्या पुतळ्याला हार का घालायचा?" दुसऱ्या एखाद्या शिक्षकाने त्याला खाली बसवले असते. सरांनी त्याच तासाला फळ्यावर दोन तारखा लिहिल्या. सप्टेंबर १९४२ मध्ये, 'चले जाव' चळवळीत, शेजारच्या महाडात कचेरीवर मोर्चा गेला आणि गोळीबारात माणसे हुतात्मा झाली. जुलै १९४४ मध्ये घाडगे इटलीत पडले. त्या महायुद्धात सुमारे पंचवीस लाख हिंदी माणसे स्वेच्छेने फौजेत गेली. त्यांतली किती पगारासाठी, किती घराण्याच्या रिवाजाने, किती पलटणीच्या अभिमानाने गेली, याचा विचार सरांनी आमच्यावरच सोपवला. आधी काय घडले ते नीट जाणून घ्या, हार घालायचा की नाही ते मग ठरवा, एवढेच ते म्हणाले. विचारणारा मुलगा त्या वर्षी पुतळ्यापाशी आमच्याबरोबर आला होता.

पुढे मी सनदी लेखापाल झालो. आज ठाणे शहरात माझे कार्यालय आहे, आणि हाताखालच्या मुलांना मी पहिल्या दिवशी जे सांगतो ते सरांकडूनच उचललेले आहे: कागदावर आहे तेवढेच लिहा. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावाने घाडग्यांच्या नावाचे सूर्यघड्याळाचे स्मारक उभारल्याची बातमी वाचली, तेव्हा सर हयात असते तर लगोलग गाडी पकडून त्यांच्याकडे गेलो असतो. घाडग्यांना थडगे नाही; त्यांचे नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर कोरलेले आहे, हेही सरांनीच सांगितले होते. इटलीच्या आघाडीवर दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैनिकांना मिळाले आणि त्यांत संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव हे मराठा पलटणीचेच दुसरे जवान होते, हे मला पुष्कळ उशिरा समजले.

वाईट वाटते ते एवढ्याचेच की अलीकडे एका कार्यक्रमात घाडग्यांवर सफाईदार भाषण ऐकले आणि त्यात त्यांना परमवीर चक्र बहाल झालेले होते. तो सन्मान सुरू झाला २६ जानेवारी १९५० रोजी. भाषण भ्रमणध्वनीवरून जसेच्या तसे उतरवलेले दिसत होते. शत्रूंचा आकडाही चाराचा चाळीस झाला होता. टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

सरांच्या त्या वहीतला उतारा मी नववीतच माझ्या वहीत उतरवून घेतला होता आणि तो आजही शाबूत आहे. समितीची हरकत नसेल तर तो मोठ्या अक्षरांत छापून, चौकट करून ग्रंथालयाच्या दारालगतच्या भिंतीवर लावावा. खर्च मी करीन. फक्त खाली देणगीदार म्हणून माझे नाव घालू नये, आणि वक्तृत्व स्पर्धेत घाडग्यांवर बोलणाऱ्या प्रत्येक मुलाला तो आधी वाचायला लावावा.