आमची वाटचाल : कुपवाडच्या गाळ्यातून

मिरजेतल्या दवाखान्यांची यंत्रे दुरुस्त करण्यात माझी आठ वर्षे गेली होती, तेव्हा आईच्या कमरेतली चकती सरकली आणि डाव्या पायाची शीर दबली. शस्त्रक्रिया झाली, कंबर सुधारली. मांडीच्या मागून घोट्यापर्यंत उतरणारा ठणका मात्र राहिला. फिजिओथेरपीच्या खोलीत टेन्सचे, म्हणजे कातडीवरून विजेची सौम्य स्पंदने देऊन वेदना शमवणाऱ्या यंत्राचे, पॅड लावले की तिला तास-दोन तास बरे वाटे आणि घरी आल्यावर ती पुन्हा रात्र जागून काढी. दुरुस्तीसाठी रोज माझ्या टेबलावर येणारे ते यंत्र तिच्या उशाशी असावे, एवढ्यासाठी मी पहिला डबा बनवला. कुपवाड एमआयडीसीतला आमचा गाळा त्यानंतर दोन वर्षांनी सुरू झाला.

यामागचा विचार रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला. स्पर्शाची जाणीव नेणारे जाड मज्जातंतू चेतवले की बारीक तंतूंतून येणाऱ्या वेदनेला मज्जारज्जूच्या दारातच अडवले जाते, असे त्यांचे म्हणणे होते. ठेच लागल्यावर आपण अंगठा चोळतो, त्याचा संबंध याच्याशी आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी मज्जारज्जूवर विद्युतअग्र बसवून पहिला प्रयोग केला. ती शस्त्रक्रिया आज आपल्याकडेही होते, परंतु तिचा खर्च लाखांत जातो. आमचे यंत्र कातडीच्या बाहेरून काम करते : सेकंदाला साधारण ८० ते १०० स्पंदने, आणि प्रत्येक स्पंदन सेकंदाच्या दशहजारांश भागाएवढे.

आमच्या सुरुवातीच्या यंत्रांत प्रवाह एकाच दिशेने जात असे, त्यामुळे पॅडखालची कातडी लाल होई. एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी ते दाखवून दिल्यावर आम्ही यंत्रातले संपूर्ण विद्युतमंडल बदलले. आता प्रत्येक स्पंदनाचे पुढे जाणे आणि मागे येणे सारखे भरते की नाही, हे एक किलोओहमचा रोध जोडून ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहिल्याशिवाय एकही डबा बंद होत नाही. ही तपासणी माझी पत्नी करते आणि तिने बाजूला ठेवलेले यंत्र मीदेखील परस्पर पाठवत नाही.

यानंतर जे घडले ते सांगताना आजही मन जड होते. मधुमेह असलेल्या एका काकांनी आमचे यंत्र थेट दुकानातून नेले होते. त्यांच्या तळपायाला संवेदनाच उरली नव्हती. काही जाणवत नाही म्हणून ते बटण फिरवत गेले आणि सुकलेल्या पॅडच्या कडेखाली कातडी भाजून रुपयाएवढा फोड आला. जखम भरायला दीड महिना लागला. चूक त्यांची नव्हती. बधिर जागी पॅड लावू नये, हे आमच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत होते आणि ते वाचून दाखवणारे दुकानात कोणी नव्हते. त्या दिवसापासून आम्ही दुकानांतून विक्री बंद केली. फिजिओथेरपिस्टने कापसाने स्पर्शाची जाणीव तपासायची, हृदयात पेसमेकर आहे का हे विचारायचे, आठवडाभर यंत्र वापरून पाहायला द्यायचे आणि उपयोग झाला तरच रुग्णाने पैसे द्यायचे, असा नियम केला. विक्री निम्म्यावर आली. त्या वर्षी दोन मुलांना कामावरून कमी करावे लागले, याचे दुःख आहे. नियम केल्याचे नाही.

हा नियम का हवा, याला आणखी एक कारण आहे. टेन्सच्या उपयोगाबद्दलचे संशोधन आजही एकमुखी नाही. उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने तर २०१६ च्या मार्गदर्शिकेत कंबरदुखी आणि सायटिकासाठी, म्हणजे शीर दबून पायात उतरणाऱ्या ठणक्यासाठी, ते देऊ नये, असेच सांगितले आहे. ज्याला उपयोग होतो त्यालाच यंत्र मिळावे, यासाठी आठ दिवस वापरून पाहण्याइतका सरळ मार्ग मला तरी दुसरा दिसलेला नाही. तासगावकडच्या एका आजींनी आठवा दिवस संपल्यावर सांगितले होते, "दुखणं गेलं न्हाई बाळा, पर जरा लांब जाऊन बसलंय." आमच्या यंत्राचे याहून नेमके वर्णन मी अजून ऐकलेले नाही, आणि 'मुळापासून बरे' हे शब्द आम्ही खोक्यावर कधीही छापले नाहीत.

१ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली. परवान्याची कागदपत्रे जमवताना दमछाक झाली, पण ऑसिलोस्कोपच्या नोंदवह्या पहिल्यापासून ठेवलेल्या असल्याने निभावले.

सध्या आमची खटपट पॅडसाठी चालू आहे. चिकट पॅड वीस-तीस वेळा वापरले की त्यांची पकड जाते, आणि शेतमजुरी करणाऱ्या बाईला यंत्रापेक्षा दर महिन्याचे पॅडच महाग पडतात. म्हणून आम्ही जुन्या पद्धतीचे काळे कार्बन-रबरचे पॅड, जेलची बाटली आणि पोटरीला बांधायचा वेल्क्रोचा पट्टा पुन्हा देऊ लागलो आहोत. ते धुऊन वर्षभर वापरता येतात. पट्टा एका हाताने बांधता यावा म्हणून त्याला शिवलेली कडी आईच्या सांगण्यावरून बसवली आहे.