नाइट लॅच बसवताना चौकट विसरू नका

मुख्य दाराला नाइट लॅच घ्यायचं असेल तर तीन गोष्टी आधी बघा: पल्ल्याची जाडी, पल्ला आणि चौकटीमधली फट, आणि दार आत उघडतं की बाहेर. ही माहिती खिशात असली की कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानात दुसरी खेप पडत नाही. बाहेर उघडणाऱ्या दाराला चौकटीवरचा बॉक्स (लॅचची जीभ ज्यात अडकते तो) वेगळा लागतो, ते दुकानातच सांगा.

पल्ला लोंबलाय का, तेही तपासा. दार अर्धं उघडून कडेला धरून वर उचला. हललं तर आधी बिजागरीचे स्क्रू नीट करा. लोंबलेल्या दारावर लॅच कितीही काटेकोर बसवा, पुढे जीभ बॉक्सला घासणारच.

डब्यातला कागदी साचा पल्ल्याच्या कडेवर दुमडून खुणा करा. होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) एका बाजूनं आरपार नेऊ नका. मधलं बारीक ड्रिल पलीकडे डोकावलं की थांबा आणि उरलेलं भोक दुसऱ्या बाजूनं पाडा, नाहीतर सनमायका कडेनं उडतो. सिलिंडर म्हणजे किल्ली घालायचा गोल भाग, त्याच्यामागची चपटी पट्टी पल्ल्याच्या जाडीप्रमाणे खाचेवर तोडायची असते. लांब राहिली तर लॅच पल्ल्याला टेकत नाही, आखूड झाली तर किल्ली नुसती फिरते. सिलिंडरचे दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा. एकच करकचून आवळला की सिलिंडर तिरका बसतो आणि किल्ली जड जाते.

आता चौकट. बहुतेक ठिकाणी घाई इथेच होते, आणि दाराला लाथ बसली की पहिल्यांदा निघतो तोही चौकटीवरचा बॉक्सच. डब्यातले स्क्रू आखूड असतील तर बाजूला ठेवा, किमान ५० मिमी लांबीचे ८ नंबरचे स्टेनलेस स्टीलचे वापरा. सागवानात आधी ३ मिमीचं भोक पाडा आणि स्क्रूला साबण लावा, म्हणजे लाकूड चिरत नाही. जुनी भोकं सैल असतील तर लाकडी खुंटी फेविकॉल लावून ठोका आणि रात्रभर वाळू द्या.

कोल्हापुरात जुलै-ऑगस्टात लाकूड फुगतं. मे महिन्यात अगदी चपखल बसवलेली जीभ पावसात अडकते, म्हणून फट ३ मिमी ठेवा आणि बॉक्सची जागा आखताना दीडएक मिमी सैल धरा. २०१९ आणि २०२१च्या पुरात बुडालेली दारं खालून अजून सुटलेली असतील, प्लायचे पदर वेगळे दिसत असतील, तर नव्या लॅचचा खर्च करण्याआधी पल्ला बदला.

दार उघडं ठेवूनच किल्ली आतून-बाहेरून आठ-दहा वेळा फिरवून बघा, मग बंद करा. सिलिंडरमध्ये तेल मात्र सोडू नका. त्याला धूळ चिकटते आणि आतल्या पिना अडकतात. ग्रॅफाइट पावडर घाला. ती नसेल तर पेन्सिलचं शिसं किल्लीच्या दात्यांवर घासून किल्ली चार वेळा आत-बाहेर करा.