एक आणि आठ आरशात सारखेच दिसतात

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका पॉलिटेक्निकला डिप्लोमाच्या पोरांसाठी दोन दिवसांचं वर्कशॉप घ्यायचं होतं. आर्डुइनो उनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड आणि आय-टू-सी, म्हणजे दोन वायरींवरून चिपांशी बोलायची पद्धत, आणि दुसऱ्या दिवशी २४सी२५६ ही ईईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी लिहिलेलं न विसरणारी मेमरी चिप, ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खोचायची भोकांची पाटी) लावायची, तिच्यात नाव लिहायचं, केबल काढायची, परत लावायची आणि नाव अजून तिथंच आहे हे बघायचं. पोरांना हे फार आवडतं.

घोडं अडलं चिपपाशी. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो तर दोन दुकानांत डीआयपी, म्हणजे ब्रेडबोर्डमध्ये थेट बसणारी लांब पायांची चिप, नाही, तिसऱ्याने एसएमडीची, म्हणजे बोर्डवर वरूनच सोल्डर करायच्या बारीक चिपांची, पट्टी पुढे केली, म्हणाला, ‘सर आता हेच चालतं, खाली अडॅप्टर टाका की.’ बरोबरच होतं त्याचं. एसएमडीच्या पायांतलं अंतर १.२७ मिमी, ब्रेडबोर्डच्या भोकांतलं २.५४, म्हणजे नेमकं दुप्पट, त्यामुळे मध्ये अडॅप्टर, म्हणजे एक छोटी पीसीबी (तांब्याच्या रेघांचा सर्किट बोर्ड), घालावीच लागते. पण त्याच्याकडचे अडॅप्टर संपलेले. ऑनलाइन ५० चं पाकीट मागवलं, ते कुरियरवाल्याकडे कुठेतरी अडकलं, आणि शुक्रवारी संध्याकाळी मी ठरवलं की आता घरीच करू. पहिल्या दिवसाला चिप लागत नव्हती, म्हणजे शनिवारची अख्खी रात्र हातात होती.

टोनर ट्रान्सफर ही घरी पीसीबी करायची पद्धत मी कॉलेजपासून वापरतोय. लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर डिझाइन काढायचं, कॉपर क्लॅडवर, म्हणजे तांबं चढवलेल्या पाटीवर, पालथं ठेवून इस्त्री फिरवायची, कागद पाण्यात भिजवून चोळून काढायचा, आणि फेरिक क्लोराइडमध्ये बुडवायचं, म्हणजे टोनरने न झाकलेलं तांबं विरघळून जातं. इस्त्री आईची, बेसिनही आईचं, त्या पिवळ्या डागांवरून आमच्या घरात किती वर्षं बोलणी चालू आहेत ते विचारू नका. एका पट्टीवर २० अडॅप्टर बसवले. पिनांच्या दोन ओळींत १०.१६ मिमी ठेवले, त्यामुळे ब्रेडबोर्डवर वायर घालायला एका बाजूला चार भोकं उरतात आणि दुसऱ्या बाजूला तीन. जागा नव्हती म्हणून आकडे फक्त दोनच टाकले, तेही इंग्रजीत, वरच्या कोपऱ्यांत १ आणि ८, मधले पोरं मोजतील. मग १६० भोकं हँड ड्रिलने. रात्री अडीच वाजता शेवटची चिप सोल्डर झाली. या चिपांवर ठिपका नव्हता, एका टोकाला बारीकशी खाच होती, ती मी १ आणि ८ असलेल्या बाजूला ठेवत गेलो. मल्टिमीटर लावून प्रत्येक पाय ते प्रत्येक पिन बीप ऐकला, शेजारच्या पायांत शॉर्ट नाही ना तेही पाहिलं. वीसच्या वीस ओके. झोपलो.

रविवारी १५ ग्रुप बसले. सगळ्यांना डेटाशीटमधलं चित्र दाखवलं, जोडणी फळ्यावर लिहिली, १, २, ३, ४ ग्राउंडला, ५ एसडीए, ६ एससीएल (आय-टू-सीच्या त्या दोन वायरी), ७ ग्राउंडला, ८ ला ५ व्होल्ट. पहिल्या ग्रुपने स्कॅनर, म्हणजे जोडलेल्या चिपा शोधणारा प्रोग्रॅम, चालवला, एकही डिव्हाइस सापडलं नाही. म्हटलं वायर ढिली असेल. मग मागून एक पोरगा ओरडला, ‘सर, चिप तापलीये!’ हात लावला तर खरंच चटका. मग दुसरा ग्रुप, मग चौथा, एकाचा उनो तर लॅपटॉपवरून दिसेनासाच झाला. सगळ्यांना यूएसबी काढायला लावल्या आणि मी मनातल्या मनात त्या तिसऱ्या दुकानदाराला यथेच्छ शिव्या घातल्या, डुप्लिकेट माल गळ्यात मारला म्हणून. अडॅप्टरवर संशय यायचं कारणच नव्हतं, मी स्वतः तपासलेले ना.

पाऊण तास गेला. कोऑर्डिनेटर मॅडम दोनदा दारातून डोकावून गेल्या. पोरं मोबाइल काढून बसली. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी अडॅप्टर हातात घेऊन आली, हळूच म्हणाली, ‘सर, खाच वर धरली की एक नंबर डावीकडे येतो ना? यावर उजवीकडे आहे.’

मी बघतच राहिलो.

झालं असं होतं की मी नेहमी थ्रू-होलचे, म्हणजे पाय भोकांतून आरपार जाणाऱ्या पार्टांचे, बोर्ड करतो. त्यात तांबं खालच्या बाजूला असतं, सॉफ्टवेअर ते वरून आरपार बघितल्यासारखं दाखवतं, म्हणून प्रिंट तशीच काढली की इस्त्री करताना उलटून बरोबर बसते. इथं चिप तांब्याच्याच बाजूला होती, म्हणजे प्रिंट मिरर करून काढायला हवी होती, आणि ती टिक मी केलीच नाही. एरवी आकडे उलटे दिसले असते तर इस्त्रीनंतर लगेच कळलं असतं. पण मी टाकलेले आकडे कोणते, तर इंग्रजी 1 म्हणजे नुसती उभी रेघ आणि 8. दोन्ही आरशात जसेच्या तसे! 2 किंवा 5 टाकला असता तर रात्रीच बोंब झाली असती.

आता गंमत अशी की बोर्ड चुकलेला नव्हताच. पाय त्याच्या समोरच्या पिनला सरळ जोडलेला, नक्षी उलटी झाली तरी डावा पाय डाव्याच पिनला जातो, म्हणून माझा बीप खरा होता. खोटे होते ते फक्त आकडे. पोरांनी इमानदारीत १ ला ग्राउंड दिलं, ती खरी ८ नंबरची पिन, म्हणजे चिपचा प्लसच ग्राउंडला. आणि ५ व्होल्ट गेले खऱ्या १ नंबरला, चिपचा पत्ता ठरवणाऱ्या पायातून, बहुतेक आतल्या प्रोटेक्शन डायोडमधून थेट ग्राउंडकडे. तापणार नाही तर काय.

पोरांना खरं सांगून टाकलं, चिपा चांगल्या आहेत, गाढवपणा माझा आहे. जरा हसली, पण मग कामाला लागली. ब्लेडने आकडे खरवडले, परमनंट मार्करने नवे टाकले, वायरी काढून परत लावल्या. थोड्या वेळाने पहिल्या स्क्रीनवर झीरो एक्स ५० हा चिपचा पत्ता उमटला आणि अख्खी लॅब ओरडली. १५ पैकी ११ चिपा जिवंत निघाल्या, मला वाटलं होतं निम्म्याही वाचणार नाहीत. उरलेल्या चार ग्रुपांना जादाचे पाच अडॅप्टर होते त्यातले दिले. त्या मुलीच्या ग्रुपची चिप मात्र गेलेली, तिनं नवीन घेताना आधी खाच बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

ऑनलाइनचं पाकीट मंगळवारी आलं. त्यातला एक हातात घेऊन उलटासुलटा केला, एका बाजूला १.२७ ची नक्षी, मागे ०.६५ ची, आणि दोन्हीकडे १ ते ८ सगळे आकडे वेगवेगळे छापलेले, कारण पाटी उलटली की १ ची पिन दुसऱ्या बाजूला जाते. हे अडॅप्टर मी कित्येक वर्षं वापरतोय.

आई म्हणाली, आता हे आलेत ना, मग बेसिन घासून दे.