येऊ दे, येऊ दे

दुपारी साडेचारला मी चहा टाकते आणि नेमका तेव्हाच फोन टिंग करतो. गेला महिनाभर हे असंच चाललंय. दादाचा फोटो आलेला असतो. तिकडे सकाळचे सात वाजलेले असतात.

फोटोत बहुतेक वेळा काहीच नसतं. पाणी, त्यापलीकडे गवत, गवतापलीकडे आणखी पाणी. कोपऱ्यात वहिनीचा लोकरी मोजा, नाहीतर कॉफीचा मग. खाली दोन शब्द, 'निघतोय हळूहळू.' पहिला फोटो आला तेव्हा इथे ऑक्टोबर हीट होती. खिडकीखालचा रस्ता सिंहस्थाच्या नावाने खणून ठेवलेला, 2027 साठी आत्तापासून, आणि ती धूळ थेट चहाच्या कपापर्यंत येत होती. अशा वेळी कुणी आपल्याला नुसतं पाणी पाठवावं म्हणजे दुष्टपणाच.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. चाळीसेक वर्षं अमेरिकेत. निवृत्त झाल्यावर लोक शेत घेतात, याने छत्तीस फुटांची जुनी बोट घेतली. पाण्यावरचं वन रूम किचन. त्यात दोघंच बसून ते ॲनापोलिसहून निघालेत ते दक्षिणेला, फ्लोरिडाकडे. तिकडे थंडी पडायला लागली की अशा शेकडो बोटी खाली सरकतात. उघड्या समुद्रातून जायचं नाही. किनाऱ्याच्या आतल्या बाजूने नद्या, खाड्या आणि मध्ये खणलेले कालवे जोडत गेलेली एक वाट आहे, इंट्राकोस्टल वॉटरवे. डाव्या हाताला वाळूची लांबट बेटं, त्यांच्या पलीकडे अटलांटिक आदळतोय, आणि अलीकडे हे दोघं पोहे खात चाललेत. नॉरफोक गावाशी शून्याचा मैल, मायामीला 1,095 वा.

हा आकडा मला नवऱ्याने सांगितला. त्याने तो लगेच किलोमीटरमध्येही करून टाकला. "सतराशे साठ. म्हणजे आपल्या गंगेपेक्षा तीनशे जास्त." गोदावरीची लांबी 1,465 किलोमीटर आहे हे त्याला तोंडपाठ. (गंगा म्हणजे गोदावरीच. नाशिककरांना हे सांगावं लागत नाही आणि बाकीच्यांना पटत नाही.) माझा नवरा अंतर आणि वेळ यांचा माणूस आहे. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा 2025 च्या जूनमध्ये सुरू झाला, तेव्हापासून आम्ही मुंबईला काही कामासाठी जात नाही, किती वेळात पोचतो ते बघायला जातो. परत आल्यावर सोसायटीच्या गेटशी वॉचमनलाही वेळ सांगितली जाते. अशा माणसाला दादाची बोट ताशी सात मैल जाते हे कळलं, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "सात? अगं, सिटीबस बरी." आणि दुसऱ्या दिवसापासून तोच नकाशा उघडून बसायला लागला. "आज बेचाळीस मैल झाले त्यांचे." रोज संध्याकाळी. बाजारभाव सांगावेत तसं.

दादा मुद्दामच रेंगाळतोय असं मला आधी वाटलं होतं. तर नाही. हरिकेनचा मोसम नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो आणि बऱ्याच विमा कंपन्यांची अट असते, 1 नोव्हेंबरच्या आत फ्लोरिडात उतरायचं नाही. म्हणजे हा निवांतपणाही पॉलिसीतल्या बारीक अक्षरातला. मला जरा बरंच वाटलं.

निवांतपणाशी आमचं जमत नाही. एकदा केरळात आलप्पुळ्याला हाऊसबोट घेतली होती. काथ्याच्या दोरीने फळ्या शिवलेली केट्टुवळ्ळम, एकही खिळा नाही, वगैरे ऐकून घेतलं, करीमीन मासा खाल्ला. साडेपाचला बोट एका काठाला बांधून टाकली. रात्री कोळ्यांची जाळी पडतात, तेव्हा चालवायची नाही. नवरा खुर्चीवर बसला, उठला, पुन्हा बसला. "आता काय?" म्हणाला. त्या पाण्याने कोल्लमहून कोट्टापुरमपर्यंत 168 किलोमीटर जाता येतं, 1993 पासून तो राष्ट्रीय जलमार्गच आहे, हेही त्यानेच त्या संध्याकाळी फोनवर शोधून काढलं. वाचून झाल्यावर पुन्हा, "आता काय?"

दादा मात्र लहानपणापासून पाण्याचाच. दिवाळीच्या सुट्टीत मावशी त्याला घेऊन पंचवटीत आमच्या घरी यायची. त्रिपुरी पौर्णिमेला आजी आम्हाला रामकुंडावर न्यायची, पळसाच्या पानाचे द्रोण, कणकेचा दिवा, तुपात भिजवलेली फुलवात. पायरीवर वाकून द्रोण पाण्यावर ठेवायचा आणि हाताने मागून पाणी ढकलायचं. ज्याचा पुढे जाईल तो जिंकला. गंगेला धरणातून पाणी सोडलेलं असेल तर द्रोण दुतोंड्या मारुतीच्या पुढे जायचे. नसेल तर पायरीपाशीच गोल फिरत बसायचे. आजोबा सांगायचे, हे पाणी थेट राजमहेंद्रीला जातं. मी ते खरं मानून माझ्या दिव्याला मनातल्या मनात राजमहेंद्रीपर्यंत पोचवायची.

दादाला ते पटेना. त्याला द्रोण परत हवा होता. एका वर्षी त्याने आसारीवरचा मांजा द्रोणाच्या काडीला बांधला. आम्ही सगळे पायऱ्यांवरून पळतोय, हा एका जागी उभा राहून ढील देतोय. द्रोण लांब गेला, सगळ्यांच्या पुढे. मग याने ओढायला सुरुवात केली. ओला मांजा, हातभर आला आणि द्रोण कलंडला. दिवा चर्र झाला आणि कणकेचा गोळा बुडाला. आजी पायरीवरूनच ओरडली, "सोडलेला दिवा माघारी ओढायचा नसतो रे, मेल्या!" त्याच्या हाताला मांज्याने कापलं होतं. रात्रभर बोट तोंडात घालून झोपला.

परवा फोनवर मी त्याला ही आठवण सांगितली तर म्हणाला, "मी? छे! तो बंडू असेल."

वहिनी धुळ्याकडची. पाण्याची तिला भीतीच. लग्नानंतर पहिल्यांदा नाशिकला आली तेव्हा रामकुंडावर तिने लांबूनच चूळभर पाणी डोळ्यांना लावलं होतं. ती आता बोटीच्या टोकाला उभी राहून दोर फेकते. तिने मला एक व्हिडिओ पाठवला, तो मी चार वेळा पाहिला. बोट धक्क्याला लावायची आहे. दादा वर चाकाशी, त्याला पुढचं टोक दिसत नाही. वहिनी पुढे, तिला मागचं काही दिसत नाही. वारा एकीकडे, पाण्याची ओढ दुसरीकडे. दोघांच्या कानाला हेडसेट. तिकडच्या बोटवाल्यांमध्ये या हेडसेटचं लाडकं नाव आहे 'लग्न वाचवणारे', कारण त्याआधी हे सगळं एकमेकांवर ओरडून व्हायचं आणि अख्खा धक्का ऐकायचा.

मला ते नाव कळलं आणि आमचं पार्किंग डोळ्यांपुढे आलं. एकवीस वर्षं मी गाडीच्या मागे उभी राहून हात हलवतेय. येऊ दे. येऊ दे. येऊ दे. थोडं डावीकडे. माझं डावं की तुझं? अरे, भिंतीकडे! येऊ दे, येऊ दे, थांब! थांब म्हटल्यावर तो थांबत नाही, काच खाली करून "काय?" म्हणतो, आणि तेवढ्यात तुळशीच्या कट्ट्याचा कोपरा जातो. हा कट्टा सोसायटीने तीनदा बांधला. मग वर येईपर्यंत लिफ्टमध्ये शांतता. गाडीला कॅमेरा आला, पडद्यावर पिवळ्या-लाल रेघा येतात, तरी मी उतरतेच आणि तोही काच खाली करून वाट बघतो. सवय.

व्हिडिओत वहिनीचा आवाज एकदम खाली आहे. "दहा फूट. आठ. पाच. आता नुसतं येऊ दे." आणि दोर खुंटाला टाकून तिने दोन वेढे दिले, वेणी घालावी तितक्या सहज.

सगळं काही गोड चाललंय असं नाही. व्हर्जिनियातून नॉर्थ कॅरोलिनात उतरायला दोन वाटा आहेत, त्यातली यांनी डिस्मल स्वॉम्पची घेतली. नावच उदास दलदल. बावीस मैलांचा सरळ कालवा, दोन्ही काठांची झाडं वरती एकमेकांकडे झुकलेली. दोन टोकांना दोन लॉक, म्हणजे पाण्याची लिफ्टच. बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरून आठेक फूट वर उचलायची, पलीकडच्या टोकाला तशीच उतरवायची. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, झाडांच्या सालीतून उतरलेलं. मी आधी समजले फोटो खराब आलाय. जुने खलाशी म्हणे हे पाणी पिंपात भरून न्यायचे, खूप दिवस टिकायचं. त्याचा डाग बोटीच्या पांढऱ्या नाकाडावर बसतो, दोन्हीकडे तपकिरी, आणि त्याला सगळे मिशीच म्हणतात. आमची बोट वयात आली, असं दादाने लिहिलं.

त्याच रात्री वहिनीचा वेगळा मेसेज आला. हा कालवा 1805 मध्ये खुला झाला, आणि तो खणला गुलामांनी, मालकांकडून भाड्याने आणलेल्या. कमरेएवढ्या चिखलात, हातांनी. पळून आलेले गुलाम याच दलदलीत लपून राहायचे. पुढे तिने एवढंच लिहिलं होतं, 'दिवसभर आम्ही किती सुंदर, किती सुंदर करत होतो.' मी त्यावर काय लिहायचं? अंगठा टाकला, मग तो काढला, आणि मग काहीच टाकलं नाही.

कालवा संपल्यावर एलिझाबेथ सिटी नावाचं गाव लागतं. तिथे 1983 मध्ये गावातल्या दोघा जणांनी एक प्रथा पाडली, धक्क्याला बोट लागली की त्यातल्या बाईला गुलाब द्यायचा. वहिनीने रिकाम्या लोणच्याच्या बरणीत खोचलेल्या गुलाबाचा फोटो पाठवला. आता आमच्या गावाचं मुघलांच्या काळातलं नाव गुलशनाबाद. आजही पॉलिहाऊसमधून इथले गुलाब कुठकुठे जातात. पण सीबीएस बसस्टँडवर उतरलेल्या कुणाला आम्ही गुलाब दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. रिक्षावाले सामान मात्र हातातून घेतात.

पुढे दोन ब्यूफर्ट लागतात. स्पेलिंग एकच, पण नॉर्थ कॅरोलिनातलं बोफर्ट आणि साऊथमधलं ब्यूफर्ट, आणि चुकलात तर लोक दुरुस्त करतात. नवरा हसला. मी म्हटलं, हसू नकोस, आपण एकाच गावाचं नाशिक की नासिक ते अजून ठरवतोय.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे गेली आणि फोटो साडेपाचला यायला लागला. माझा चहा साडेचारचाच. म्हणून आता दुसरा चहा होतो. मध्ये एक दिवस आम्ही नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाऊन आलो. ते 2020 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, राज्यातलं पहिलं. उत्तरेकडचे थापटे, म्हणजे रुंद चोचीची बदकं, आले होते, पाण्यात चोची घालून चाळत बसले होते. त्यांची दक्षिण म्हणजे निफाड तालुका. नवऱ्याने विचारलं, "हे किती वेगाने येत असतील?" मी दुर्बीण त्याच्या हातात दिली.

काल साडेपाचला फोटो आला नाही. सहाला नाही, सातला नाही. नवरा काही बोलला नाही, पण जेवताना फोन ताटाशेजारी, तोही उलटा न ठेवता. जॉर्जियात भरती-ओहोटीत सात ते नऊ फुटांचा फरक असतो, हे तेवढ्यात त्याने मला ऐकवलं, कुणी विचारलेलं नसताना. नऊ वाजता टिंग झालं. फोटोत क्षितिज तिरकं, कॉफीचा मग टेबलाच्या कडेला घसरलेला.

'लिटल मड रिव्हर. नावात चिखल आहे म्हणून वाचून घेतलं होतं, तरी रुतलो. चिखल मऊ आहे, काळजी नको. ओहोटी पुरती उतरेल, मग भरती. वहिनीने कांदा चिरायला घेतलाय.'

नवऱ्याने बोटांवर तास मोजले. "म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटेल." मग मला म्हणाला, "तू झोप. मी आहे."

दीडला जाग आली तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. हॉलमधला दिवा बंद, फोनचा उजेड तेवढा त्याच्या चष्म्यावर. थंडी पडली होती, त्याने पायांवर टेबलावरचा कपडाच ओढून घेतला होता.

"आली का रे भरती?"

"येतेय," तो म्हणाला, नजर न काढता. "येऊ दे."