आईच्या गोळ्या आणि पाचवीतला लसावि

रंगपंचमीच्या सकाळी आईचा फोन आला, "अगं, बीपीची गोळी कालच संपली." इंदूरच्या माणसाला पुढचं सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते: त्या दिवशी राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक असते, टँकरनं रंग उडवतात, गावाला सुट्टी असते आणि दुकानांची शटरं खाली. आई रामबागेत, मी सुदामानगरात.

बरं, गोळी मेटोप्रोलॉल. ती एकदम बंद करायची नसते, बीपी आणि नाडी उसळू शकते, एवढं मला माहीत होतं. म्हणून स्कूटरवर निघाले. जुना दुपट्टा घेतला होता, तो अर्ध्या रस्त्यातच हिरवा झाला. एम.वाय. हॉस्पिटलच्या बाजूला एक मेडिकल उघडं मिळालं. त्यानं डॉक्टरची पर्ची उलटसुलट केली. "दीदी, ये तो पिछले साल की है. और इसपे रिपीट भी नहीं लिखा."

मी चिडलेच. आमचा कोपऱ्यावरचा मेडिकलवाला आठ वर्षांत कधी पर्ची मागत नाही! पण चूक कोपऱ्यावरच्याची होती. १९४५ च्या औषध नियमांत साफ लिहिलंय: शेड्यूल एचची, म्हणजे डॉक्टरच्या पर्चीवरच मिळणारी औषधं (ही गोळी त्यातलीच) एका पर्चीवर एकदाच द्यायची. पुन्हा द्यायची तर डॉक्टरनं तसं लिहिलेलं हवं, किती वेळा, किती अंतरानं. आणि प्रत्येक वेळी दुकानदारानं पर्चीवर आपलं नाव-पत्ता आणि तारीख टाकायची. आईच्या पर्चीवर एकही शिक्का नव्हता.

शेवटी डॉक्टरांना घरी फोन लावला. सणाच्या दिवशी लावायला संकोच वाटला, पण त्यांनी दहा मिनिटांत सही केलेल्या नव्या पर्चीचा फोटो पाठवला आणि पंधराची एक स्ट्रिप मिळाली.

पाच दिवसांनी मी आईसोबत क्लिनिकमध्ये गेले. तिथल्या कंपाउंडर काकांना मी इतकी वर्षं नुसतं नंबर लावणारे समजत होते. ते म्हणाले, "ताई, तुमचा खरा प्रॉब्लेम पर्चीचा नाही, तारखांचा आहे. प्रत्येक गोळी वेगळ्या दिवशी संपते, म्हणून कोणती ना कोणती विसरते."

बरोबरच होतं. घरी येऊन सगळे डबे ताटात ओतले. बीपीच्या दहा, साखरेच्या चौदा, कोलेस्टेरॉलच्या तीन. साखरेची दिवसाला दोनदा, म्हणजे ती सात दिवस पुरणार. बीपीची दहा, कोलेस्टेरॉलची तीनच. आधी सगळ्यांना दहाव्या दिवशी आणून उभं करायचं होतं. साखरेच्या सहा आणि कोलेस्टेरॉलच्या सात सुट्या आणल्या. मेडिकलवाला स्ट्रिप कापायला कुरकुरतो, कारण एक्सपायरी एकाच टोकाला छापलेली असते आणि ते टोक त्याला हवं असतं. मी म्हटलं, ते टोक ठेवा, मी तारीख लिहून घेते.

मग हिशोब. आमच्याकडे बीपीची स्ट्रिप पंधराची, बाकी दोन्ही दहाच्या. एक स्ट्रिप पुरते अनुक्रमे पंधरा, पाच आणि दहा दिवस. लसावि तीस! पाचवीत रडत रडत शिकलेला लसावि पन्नाशीत कामाला आला. दोन महिन्यांसाठी बीपीच्या चार स्ट्रिप, साखरेच्या बारा, कोलेस्टेरॉलच्या सहा. डॉक्टरांनी पर्चीवर तसंच लिहून दिलं: साठ दिवसांची, तीन वेळा. सहा महिने झाले की आईला प्रत्यक्ष दाखवायचं, सोबत रक्ताचे रिपोर्ट.

मेडिकलवाल्याला मी आठवडाभर आधी मेसेज टाकते, कारण ऐन वेळी एखादी कंपनी नसते आणि तो "सेम सॉल्ट" म्हणून दुसरी पुडक्यात घालतो. सॉल्ट, म्हणजे आतलं मूळ औषध तेच, पण एकदा बीपीची गोळी गुलाबी निघाली. आई म्हणाली, "ही माझी नाही, माझी पांढरी असते." आणि पांढरीच्या उरलेल्या दोन गुलाबीसोबतच घेऊन टाकल्या. दोन दिवस चक्कर. तेव्हापासून नवी स्ट्रिप आली की मी त्यावर स्केचपेननं मोठ्ठं "बीपी" लिहिते आणि जुनी उचलून नेते.

झोपेच्या गोळीनं मात्र अजून छळ मांडलाय. ती अल्प्राझोलाम, शेड्यूल एच१ या आणखी कडक यादीतली. तिच्यासाठी दुकानात वेगळं रजिस्टर असतं: पेशंट, डॉक्टर, औषध, किती. आणि नारकोटिक, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात येत असल्यानं डॉक्टर ती फोनवरून लिहूनच देत नाहीत, २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत मनाई आहे. मी दोनदा विनवून पाहिलं. "आईंना घेऊन या," एवढंच उत्तर.

म्हणून तेवढ्यासाठी आम्ही दोघी जातो. आई त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून आधीच ओट्यावर येऊन बसलेली असते. पुढच्या तारखेला मी कालनिर्णयवर लाल गोल केलाय. त्याच चौकोनात तिनं दुधाचा खाडाही मांडून ठेवलाय, त्यामुळे तारीख आता नीट वाचताच येत नाही.