टीसीएलचं पोतं कुठे ठेवलंय?

पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांनी खानदेशातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी बघा, जुलाब-उलटीचे पेशंट वाढलेले दिसतील. मग गावात चर्चा सुरू होते: डॉक्टर मुक्कामी राहतात का, सलाईन आहे का, अँब्युलन्स कुठे गेली. प्रश्न रास्तच आहेत. पण यातला बराच भार ग्रामपंचायतीच्या टाकीवरच अडवता येतो. त्यासाठी टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, पाण्यातला क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाची बाटली, दोन बादल्या आणि रोज थोडा वेळ देणारा जलसुरक्षक एवढं पुरतं.

सुरुवात पोत्यापासून करू. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. हवा, उजेड, ओल आणि उष्णता लागली की तो उडत जातो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि पोतं पडलेलं असतं पत्र्याच्या पंपखोलीत, तोंड उघडं, मोटारीच्या स्टार्टरशेजारी. पावडर मरते ती मरतेच, वर स्टार्टरही गंजतो. क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेला असेल तर ती पावडर पिण्याच्या पाण्याला वापरू नये. वास येतो म्हणजे चांगली आहे, असं समजू नका. आरोग्य सेवकाकडून नमुना प्रयोगशाळेत पाठवा. पावडर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये, कोरड्या आणि अंधाऱ्या खोलीत ठेवावी. युरिया, रॉकेल किंवा डिझेल त्या खोलीत नको. आणि वर्षाचा साठा एकदम घेऊ नये, तीन महिन्यांपुरताच घ्यावा.

किती लागते याचा हिशोब सोपा आहे. चांगल्या पावडरीचं प्रमाण १००० लिटरला ५ ग्रॅम. गावाला रोज १ लाख लिटर पाणी जात असेल तर रोज ५०० ग्रॅम, महिन्याला १५ किलो, वर्षाला १८० किलोच्या वर. ग्रामपंचायतीच्या दप्तरात वर्षाला एकच २५ किलोचं पोतं दिसत असेल, तर वर्षातले बहुतेक दिवस पाणी तसंच सुटलं हे उघड आहे. ग्रामसभेत विचारायला याहून सरळ प्रश्न नाही.

विहीर असेल तर आधी पाणी मोजावं लागतं. फुटांत मोजा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले २२, म्हणजे अंदाजे लिटर. २० फूट व्यासाच्या विहिरीत १३ फूट पाणी असेल तर सुमारे १ लाख १४ हजार लिटर होतं, त्याला साधारण ५७० ग्रॅम पावडर. पाणी पावसाळ्यात वर येतं, उन्हाळ्यात तळाला जातं, म्हणून मोजमाप एकदा करून भिंतीवर लिहून ठेवलं की झालं, असं नाही.

पावडर थेट विहिरीत किंवा टाकीत फेकणं ही नेहमीची चूक. पावडरीतला चुना तळाशी बसतो, क्लोरीन नीट मिसळत नाही आणि टाकीत गाळ साचत जातो. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नये. थोड्या पाण्यात कालवून आधी लगदा करा, मग बादली पाऊण भरून ढवळा आणि ५ ते १० मिनिटं तशीच राहू द्या. चुना खाली बसला की वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढा. चुना फेकून द्या. निवळ पाण्याची बादली दोरीने विहिरीत पाण्याखाली सोडून हलवा. टाकीत ते भरतानाच सोडायचं, म्हणजे आपोआप मिसळतं. त्यानंतर किमान एक तास पाणी सोडायचं नाही. वीज रात्री असते, पाणी पहाटे सुटतं, त्यामुळे हा एक तास बुडतो. म्हणून शक्यतो रात्रीच हे उरकावं.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर टाकीच नसते. उघड्या विहिरीसाठी नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने सुचवलेली दुहेरी मडक्याची पद्धत तिथे उपयोगी पडते. आतल्या मडक्यात १ किलो टीसीएल आणि २ किलो जाडी वाळू ओलसर करून भरायची, वाळूच्या थरापासून ३ सेंमी वर १ सेंमीचं भोक ठेवायचं. हे मडकं मोठ्या मडक्यात. मोठ्याला तळापासून ४ सेंमीवर तसंच भोक. तोंड प्लास्टिकने बांधून पाण्याच्या पातळीखाली साधारण १ मीटरवर टांगायचं. साडेचार हजार लिटरच्या विहिरीला, रोज ४००-४५० लिटर उपसा असेल, तर दोन-तीन आठवडे चालतं. विहीर मोठी असेल तर मडकी वाढवावी लागतात. एकच टांगून निर्धास्त होऊ नये.

आता ओटी. ही तपासणी टाकीजवळ करून रजिस्टर भरणं निरर्थक आहे. सगळ्यात शेवटच्या नळाला करा, त्यातही वस्तीच्या खालच्या बाजूच्या. नळीत पाणी घेऊन किटवर लिहिलेले थेंब टाकायचे आणि रंग लगेच, १० सेकंदांच्या आत बघायचा. हवं ते प्रमाण ०.२ ते ०.५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) क्लोरीन, म्हणजे फिकट पिवळा रंग. उशिरा बघितलं तर आकडा फुगतो, पाण्यात लोह असलं तरी पिवळं दिसतं. बाटलीतलं द्रावणच पिवळट-तपकिरी झालं असेल तर ते टाकून नवं आणा. तपासलेलं पाणी हंड्यात परत ओतायचं नाही.

टाकीला क्लोरीन आहे आणि शेवटच्या नळाला नाही, तर गळती शोधा. आपल्याकडे कितीतरी गावांत पाणी चार-आठ दिवसांआड येतं. मधल्या काळात रिकाम्या पाइपात गटाराचं पाणी झिरपतं, त्यात लोक नळाला थेट मोटार लावतात. ती शेजारच्या गळतीतली घाणही ओढते. व्हॉल्व्हचे खड्डे आणि गटारातून गेलेली कनेक्शनं आधी बघा. पाणी गढूळ असेल तर गाळच क्लोरीन खाऊन टाकतो; पांझरा-गिरणेला नवं पाणी आलं की मात्रा वाढवावी लागते, किती ते ओटीच ठरवते. आठ दिवस ड्रममध्ये साठवलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, वर डासाची अंडी ते डास हा प्रवास तेवढ्यातच पुरा होतो. आठवड्यातून एकदा ड्रम घासून कोरडा करायचा कंटाळा म्हणजे जुलाबाबरोबर डेंग्यूलाही आमंत्रण.

इतकं करूनही जुलाब लागलेच तर आशाताईच्या पेटीत ओआरएस आणि झिंक असतं. पाकीट १ लिटर पाण्याचं. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात टाकलं तर मिठाचं प्रमाण बिघडतं आणि बाळाला अपाय होतो. केलेलं द्रावण २४ तासांनी टाकून द्यायचं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्याने. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू. झिंक २ ते ६ महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम आणि त्यावरच्यांना २० मिलिग्रॅम, सलग १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून गोळी बंद करणारे खूप. बाळ सुस्त पडलं, पीत नाही, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसलं तर घरी थांबू नका.

आणि ओपीडीच्या केसपेपरवर गावाच्या नावाबरोबर गल्ली किंवा पाडा आणि पाणी कुठलं, हे दोन शब्द जास्तीचे लिहा. एका व्हॉल्व्हवरच्या घरांतून दोन दिवसांत तीन पेशंट आले की साथ जाहीर व्हायची वाट न बघता ती लाइन बंद करून, खोदून बघता येते.